पोट घासतं ते नुसत्या उंचीमुळे नाही

धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला एक रस्ता असा आहे की त्यावर एकही ब्रेकर नाही. लांबी 11.3 किलोमीटर, रुंदी 16 मीटर. नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राची ही अतिवेग धावपट्टी. 29 जून 2021 रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिचं उद्घाटन केलं. वळणावर ताशी 375 किलोमीटरपर्यंतचा वेग धरता यावा अशी तिची आखणी आहे. तिथे तुफान पळालेली बसकी स्पोर्ट्स कार फाटकाबाहेर काढून इंदूरमार्गे देवासला न्यायला घ्या. पहिल्या वस्तीतच वेग ताशी 10 वर येतो आणि तरीही खालून ‘खर्रर्र’ होतंच. गाडीतले सगळे मग ब्रेकरच्या उंचीच्या नावाने बोटं मोडतात.

पहिला गैरसमज तोच. उंची हा अर्धाच गुन्हेगार आहे, खरा प्रश्न ब्रेकरच्या लांबीचा.

इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली गतिरोधकाचं माप ठरवून दिलं. रस्त्याच्या दिशेने 3.7 मीटर लांब, मध्यावर 10 सेंटिमीटर उंच आणि पाठ 17 मीटर त्रिज्येची. गाड्यांनी तो ताशी 25 किलोमीटरने ओलांडावा, ही अपेक्षा. आता पोर्शे 911 घ्या. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2.45 मीटर, म्हणजे मारुती स्विफ्टइतकंच. गाडी अशा ब्रेकरच्या मधोमध आली की चारही चाकं त्याच्या पाठीवर असतात, म्हणजे गाडी स्वतःच वर उचललेली असते. शाळेतली भूमिती लावली तर चाकांच्या रेषेच्या वर ब्रेकरचा फुगवटा उरतो फक्त साडेचार सेंटिमीटर. स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली 11-12 सेंटिमीटर जागा असते. मापात बांधलेला ब्रेकर ती आरामात ओलांडते.

आता कॉलनीत एका रात्रीत उगवलेला ब्रेकर पाहा. लांबी हातभरसुद्धा नाही, उंची 15 सेंटिमीटर. पुढची चाकं तो ओलांडून खाली उतरलेली, मागची अजून अलीकडे, आणि पोटाखाली सबंध 15 सेंटिमीटरचा वरवंटा. पोर्शे लागणारच. पण स्विफ्टची जमिनीपासूनची उंची 163 मिलिमीटर, तीही रिकाम्या गाडीची. चार माणसं बसली की दोन सेंटिमीटर सहज जातात. म्हणजे ती गरीब गाडीसुद्धा लागते.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. ब्रेकर आला की सगळ्यांना खाली उतरवणाऱ्या काकांना लोक हसतात. हसू नये. त्या दोन-अडीच सेंटिमीटरवरच अनेकदा इंजिनखालचं तेलाचं चेंबर वाचतं.

‘गाडी तिरकी घे, लागत नाही,’ हा सल्ला प्रत्येक पानटपरीवर फुकट मिळतो. तो अर्धा खरा आहे. बंपरचे कोपरे मागे वळलेले असतात. तिरकं गेलं की मधला सर्वांत पुढे आलेला भाग ब्रेकरवर यायच्या आत एक चाक चढून नाक उचलतं. नाकासाठी हा फायदा खरा. पोटासाठी तो मिळायचा तर ब्रेकर मध्यभागाखाली असताना एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक त्यावर असायला हवं. त्यासाठी गाडी रस्त्यावर बरीच आडवी घालावी लागेल. अरुंद रस्त्यावर ते जमत नाही, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराने आपल्या चेंबरसाठी जीव धोक्यात का घालावा?

‘जोरात काढली की जाणवत नाही’ या समजुतीला मात्र इतिहास आहे. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात वॉट्स यांनी वेगवेगळ्या आकारांचे उंचवटे तपासले. आखूड उंचवट्यावर वेग वाढला की बसणाऱ्याला धक्का कमी जाणवू शकतो, असं दिसलं. म्हणून तर 3.7 मीटरचा लांब उंचवटा निवडला गेला. पुढे आपण तेच माप घेतलं. पण आसनावर धक्का कमी जाणवला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो टायर, रिम आणि शॉकअब्सॉर्बर पचवतात. बसक्या गाडीत टायरची भिंत बारीक आणि स्प्रिंगला दबायला जागा थोडी, त्यामुळे पचवायची ताकदही कमी. (वेग रोखणारे उंचवटे आखणाऱ्यांत नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांचंही नाव आहे. 1953 साली सेंट लुइसच्या विद्यापीठाच्या आवारात त्यांनी ते करून पाहिले. म्हणजे हा विषय अगदीच पानटपरीचा नाही.)

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक याहून साधी आहे: ब्रेकरवर चढेपर्यंत ब्रेक दाबून धरणं. वजन पुढे येतं, नाक खाली जातं. मापातल्या ब्रेकरच्या काठाला पुढचं चाक टेकतं तेव्हा चाकाच्या मीटरभर पुढे असलेल्या बंपरखाली आठ सेंटिमीटर चढ आलेला असतो. उरलेले तीन-चार सेंटिमीटर दाबलेला ब्रेक खाऊन टाकतो. म्हणून ब्रेक आधी लावा, चाक टेकायच्या आत पाय काढा, नाक वर येऊ द्या आणि गाडी हळूच सरकवा. मागची चाकं उतरेपर्यंत ॲक्सिलरेटरला घाई नको.

महागड्या गाड्यांत नाक उचलायचं बटण असतं. त्याने पुढची बाजू चारेक सेंटिमीटर वर जाते. पण मागची बाजू जागेवरच राहते, म्हणून पोटाच्या मध्यावर वाढ होते जेमतेम निम्मी. शिवाय हे बटण कमी वेगातच काम करतं. आखूड ब्रेकरसमोर नुसत्या बटणाच्या भरवशावर राहू नये.

स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे कोंबून गाडी उंच करण्याबद्दल फार लिहीत नाही. उंची मिळते, पण शॉकअब्सॉर्बरची चाल आणि चाकांचं संरेखन बिघडतं, आणि गाडीत परस्पर फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे.

आणखी एक. ‘हायवेवरचा ब्रेकर सरकारी असतो.’ असेलच असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचं ते 1988 चं माप किरकोळ रस्त्यांसाठी होतं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर गतिरोधक अपेक्षितच नाहीत. तिथे चालतात त्या आडव्या पातळ पट्ट्या.

एवढं करूनही खालून आवाज आलाच, तर ‘काही नाही, प्लास्टिक असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. गाडी बाजूला घ्या, खाली वाका, तेलाचा थेंब दिसतो का पाहा. ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन तिथेच बंद करा आणि टोइंगची गाडी बोलवा. फुटलेल्या चेंबरचा खर्च विमा देऊ शकतो. तेल संपलेलं असताना चालवून जाम केलेल्या इंजिनाचा खर्च साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही.