कर्करोगाची आगाऊ तपासणी : खर्च कोणीं सोसावा ?

काजूची बाग ज्यांनीं स्वतः राखली आहे, त्यांस खोडकिड्याविषयीं नव्यानें कांहीं सांगावयास नको. पाऊस सरला कीं बागाईतदार कोयता घेऊन एकेका झाडाच्या बुंध्याशीं वांकतो, पालापाचोळा बाजूस सारतो, आणि सालीच्या भेगेंतून डिंक किंवा लांकडाचा भुसा बाहेर आला आहे काय तें पाहतो. भुसा ताजा असून अळी वरच्या सालींतच असली, तर ती काढून जखमेस औषध लाविलें कीं झाड वांचतें. पानें पिवळीं पडूं लागल्यावर जो बागेंत शिरेल, त्यास झाड तोडण्यावांचून बहुधा दुसरें कांहीं करतां येत नाहीं. ह्या फेरीस खर्च काय, तर एक गडी आणि दोन दिवस. आंबा-काजूचा जो हवामानावर आधारलेला फळपीक विमा आपण उतरवितों, त्यांत अवेळीं पडलेल्या पावसाची व उन्हाची भरपाई आहे. ही फेरी त्यांत नाहीं, आणि ती असावी अशी कोणी अपेक्षाहि करीत नाहीं.

मनुष्यदेहाचा विमाहि याच रीतीनें चालतो. रोग झाला तर लाखांची हमी. रोग आहे काय हें पाहण्यास पैसा नाहीं. बागेच्या बाबतींत जें रास्त तें येथेंहि रास्त मानावें काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विचार मला सुचला तो घरच्या अनुभवावरून. सन २०१९ च्या मृगांत आमच्या थोरल्या वहिनींस, पाळी जाऊन सहा वर्षें लोटल्यावर, पुन्हां रक्त जाऊं लागलें. त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. पुढें थोरल्या सुनेस संशय येऊन तिनें दवाखान्याची गोष्ट काढली, तेव्हां वहिनींचें उत्तर, ‘लावणी आटापली काय जातंय.’ लावणी झाली, कापणी झाली, चतुर्थी व दिवाळीहि झाली. मग एका दवाखान्यांत गेल्या, तेथें न तपासतांच गोळ्या मिळाल्या. शिमग्याच्या सुमारास निदान झालें, तें गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, तिसरी पायरी. कुडाळहून रात्रीच्या गाडीनें मुंबई, तेथें दोन महिने भाड्याची खोली, किरणांचे उपचार, औषधें. बंधूंची शिधापत्रिका पांढरी. त्यामुळें त्या वेळीं सरकारी विम्याचा लाभ नव्हता. सर्व मिळून साडेचार लाखांच्या वर खर्च झाला व रस्त्याकडील काजूचा तुकडा विकावा लागला. वहिनी आज आहेत, घरांत हिंडतात फिरतात. परंतु मृगांत ज्या गोष्टीचा निकाल एका दिवसांत लागला असता, तिच्यासाठीं शिमग्यापर्यंत थांबल्यामुळें जमीन गेली, आणि जीव जातां जातां राहिला.

आतां विम्याचें तत्त्व पाहूं. जी आपत्ति क्वचित् येते, कोणावर येईल हें सांगतां येत नाहीं, आणि आली तर एकट्यास पेलवत नाहीं, तिच्यासाठीं विमा. घर जळणें ही तशी आपत्ति आहे. कौलें परतण्याचा खर्च मात्र दर वैशाखांत ठरलेलाच. त्याचा विमा उतरविला तर कंपनी तोच खर्च हप्त्यांत मिळवील, वर आपल्या कचेरीचा खर्च चढवील, आणि आपलेच पैसे आपणांस कमी होऊन परत येतील. तपासणी ही कौलें परतण्यासारखी आहे, ठरीव व लहान खर्चाची. म्हणून ती विम्यांत नसावी असा युक्तिवाद केला जातो, आणि तेवढ्यापुरता तो खरा आहे.

पण त्यांत एक गोष्ट सुटते. कौलें न परतल्यामुळें जी भिंत खचेल तिची भरपाई जर विमेदारानें द्यावयाची असेल, तर कौलें वेळेवर परतलीं जावीं यांत त्याचाहि स्वार्थ येतो. उलट घरधन्यास वाटतें, भिंत कोणी तरी बांधून देणारच आहे, मग वैशाखांत गडी कशाला लावा ? उपचार फुकट आणि तपासणी पदरच्या पैशानें, अशी मांडणी केली कीं मनुष्य तपासणी पुढें ढकलतो. यांत अडाणीपणा नाहीं. जिकडे खर्च कमी तिकडे तो झुकतो, एवढेंच.

मग खाजगी विमा कंपन्या आपण होऊन तपासणीचे पैसे कां देत नाहींत ? कारण त्यांचा करार एका वर्षाचा. आज तपासणीवर खर्च केला तर त्याचें फळ सात-आठ वर्षांनीं येणार, आणि तोंपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे गेलेलें असणार. कुळानें आंब्याचीं कलमें लावावीं आणि तीं फळावर येण्याच्या आंत जमीन सोडावी लागावी, असा हा प्रकार आहे. अमेरिकेंत ही अडचण ओळखून सन २०१० च्या कायद्यानें सर्वच कंपन्यांवर सक्ति केली : तज्ज्ञ मंडळानें वरच्या दोन श्रेणींत शिफारस केलेल्या तपासण्यांचा पुरा खर्च बहुतेक विम्यांनीं द्यावा, रोग्याकडून वेगळी रक्कम घेऊं नये. सर्वांवर सारखाच बोजा पडला म्हणजे कोणा एकाचें नुकसान होत नाहीं.

तपासणीनें खरोखर जीव वांचतात काय, हें सिद्ध करणारा एक मोठा प्रयोग आपल्याच राज्यांत झालेला आहे, आणि त्याची माहिती आपल्या शेतकरी वर्गास फारशी नाहीं याचें मला आश्चर्य वाटतें. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सन १९९९ मध्यें, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या व मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साह्यानें, ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांच्या चार तुकड्या गांववार पाडल्या. त्या सर्व शेतीवर राबणाऱ्या खेड्यांतल्या बायका. एका तुकडींत एच. पी. व्ही. नांवाच्या विषाणूची चाचणी एकदांच केली. दुसरींत पॅप चाचणी. तिसरींत ॲसेटिक आम्लाचें पाणी लावून डोळ्यांनीं पाहणी. चौथीस तुलनेसाठीं नेहमींच्या सोयीवर ठेविलें. ह्या चौथ्या तुकडीस तपासणीविना ठेवणें न्याय्य होतें काय, यावर पुढें बरीच टीका झाली, आणि ती अगदींच गैर होती असें मी म्हणणार नाहीं. आठ वर्षांचा निकाल सन २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. विषाणू-चाचणीच्या तुकडींत ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांतील ३४ ह्या रोगानें मेल्या. तुलनेच्या तुकडींत ३१,४८८ स्त्रिया. त्यांतील ६४ मेल्या. रोग पुढच्या पायऱ्यांस गेल्यावर सांपडल्या अशा पहिल्या तुकडींत ३९, आणि दुसरींत ८२. दुसऱ्या दोन चाचण्यांनीं एकाच खेपेंत मृत्यूंत ठळक फरक पडला नाहीं. तथापि मुंबईच्या वस्त्यांत थोडें शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनीं तीच आम्लाची साधी पाहणी दर दोन वर्षांनीं, चार वेळां केली, तेव्हां बारा वर्षांत ह्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नें उतरले. हा निकाल सन २०१४ चा आहे.

आतां शेतकऱ्याच्या रीतीनें उस्मानाबादचा हिशेब मांडूं. रुपये मी अंदाजानें धरतों. बायकांचें प्रमाण प्रयोगांतलें आहे. एक हजार बायकांस बोलाविलें, आठशें आल्या. चाचणी व जाणें-येणें मिळून दर माणशीं हजार रुपये धरले तर आठ लाख. त्यांतील सुमारें दहावा हिस्सा, म्हणजे ऐंशीं जणींस पुढची बारीक तपासणी लागेल. तिला अडीच हजार धरले तर दोन लाख. एकूण दहा लाख. जमेकडे काय ? आठ वर्षांत हजारांमागें एक मृत्यु टळला, आणि पुढच्या पायरीस गेलेले सुमारें दीड रोगी कमी झाले. प्रत्येकास विम्याचे पुरे पांच लाख लागले असते असें धरलें तरी वांचलेली रक्कम साडेसात लाखांहून अधिक होत नाहीं. म्हणजे तपासणीनें तिजोरींत पैसा शिल्लक पडत नाहीं. उलट थोडा अधिकच जातो. ‘तपासणी करा, पैसे वांचतील’ अशी जाहिरात जे करतात त्यांनीं हा जमाखर्च पाहावा. पण अडीच-तीन लाख अधिक घालून एका घरची माय राहते. आणि रस्त्याकडचा तुकडा राहतो, जो ह्या सरकारी हिशेबांत कोठेंच येत नाहीं.

तोंडाच्या कर्करोगाचा हिशेब याहून सोपा आहे. केरळांत तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत आरोग्यसेवकांनीं उजेडांत केवळ तोंड उघडून पाहिलें. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत ह्या रोगाचे मृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें कमी झाले, असा सन २००५ चा निष्कर्ष आहे. खर्च दर माणशीं सहा अमेरिकन डॉलरांहून कमी. सर्वांचीं तोंडें पाहिलीं तर आयुष्याचें एक वर्ष वांचविण्यास ८३५ डॉलर पडले. केवळ व्यसन असलेल्यांचींच पाहिलीं असतां १५६. आपल्याकडे पुरुषांची तंबाखू आणि बायकांची मिश्री घरोघरीं आहे, तेव्हां कोणाचें तोंड आधीं पाहावें हें निराळें सांगणें नको. ह्या उलट बाजारांत ‘संपूर्ण शरीर तपासणी’ म्हणून निरोग्यांस रक्तांतील कर्करोगाच्या खुणांच्या ज्या महाग चाचण्या विकल्या जातात, त्यांच्यामागें असा कांहीं पुरावा नाहीं.

आपल्या राज्यांत पैसा कोठें आहे तें पाहूं. सन २०१२ च्या जुलैंत आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, सन २०१३ च्या नोव्हेंबरांत ती राज्यभर झाली, आणि सन २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव आहे. आरंभीं ती पिवळ्या व केशरी पत्रिकेपुरती होती. संकटग्रस्त म्हणून ठरलेल्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकऱ्यांसहि ती पुढें लागू झाली. सिंधुदुर्ग त्यांत नव्हता. सन २०२३ च्या निर्णयानें पत्रिकेचा रंग पाहणें बंद झालें, मर्यादा दर कुटुंबास सालीना पांच लाख झाली, व सन २०२४ च्या जुलैपासून त्याचा अंमल आला. शस्त्रक्रिया, किरण व औषधोपचार हे तींत येतात. दुसऱ्या बाजूस केंद्र सरकारच्या सन २०१६ च्या धोरणाप्रमाणें तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचें तोंड, आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयाचें मुख यांची तपासणी आरोग्य केंद्रांतून दर पांच वर्षांनीं फुकट व्हावयाची आहे. कागदावर दोन्ही टोंकें झांकलीं गेलीं. पण सन २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं गर्भाशयमुखाची तपासणी कधीं तरी झालेल्या देशांत शंभरांत दोनहि भरल्या नाहींत. स्तनांची तपासणी झालेल्या शंभरांत एकहि नाहीं.

माझ्या मतें दोष आहे तो मधल्या पायरींत. आरोग्य केंद्रांत संशय आला तर बाईनें पुढें ओरोसला किंवा त्याहून दूर जावयाचें, तुकडा काढून परीक्षेस द्यावयाचा, अहवालासाठीं पुन्हां जावयाचें. विमा सुरू होतो तो रुग्णालयांत दाखल झाल्यावर. केंद्राच्या योजनेंत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस तेवढे धरतात. अहवालास तीन आठवडे लागले तर तो काळ कोणाच्याच खात्यावर नाहीं. आणि अहवाल निर्दोष आला तर दाखल होण्याचा प्रश्नच नसल्यामुळें सर्व फेऱ्या बाईच्या पदरीं. सरकारी रुग्णालयांत परीक्षा स्वस्त असली तरी गाडीभाडें, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि कापणीचा बुडालेला दिवस हा खर्च राहतोच. खाजगी कंपनीप्रमाणें सरकारास गिऱ्हाईक जाण्याची भीति नाहीं. आज तीस वर्षांची असलेली बाई साठाव्या वर्षींहि त्याच योजनेंत राहणार. तेव्हां पांच लाखांची हमी देणाऱ्यानें ही मधली पायरी, अहवाल कसाहि येवो, भाड्यासकट त्याच योजनेंतून द्यावी, ही मागणी शेतकऱ्यांनीं करणें योग्य होईल.

ज्यांचा खाजगी विमा आहे किंवा घ्यावयाचा आहे त्यांस एक सूचना. आधींपासून असलेल्या रोगास कंपनी जास्तींत जास्त छत्तीस महिने भरपाई थांबवूं शकते, असा सन २०२४ चा नियम आहे. म्हणून प्रकृति धड आहे तोंच विमा घ्यावा आणि तपासणी त्यानंतर करावी. मात्र एखादें लक्षण माहीत असतां अर्जांत तें लपवूं नये, नाहीं तर पुढें दाव्याच्या वेळीं हप्तेहि गेले असें होतें. तपासणीवर जुन्या आयकर-पद्धतींत पांच हजारांपर्यंत सूट मिळते. शेतीच्या उत्पन्नास आयकरच नसल्यामुळें निव्वळ शेतीवर जगणाऱ्यास तिचा उपयोग शून्य, ही गंमत सरकारच्या ध्यानांत आली असेल असें वाटत नाहीं.

सरकारी निर्णय होईल तेव्हां होवो. भातकापणी आटोपल्यावर आणि काजूस बोंडूं धरण्यापूर्वी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षांत, आपल्या बायकांस चार दिवस मोकळे मिळतात. त्या दिवसांत आरोग्य केंद्राशीं आधीं तारीख ठरवून, एका वाडीच्या बायकांस एकाच वाहनानें न्यावें, आणि संशय निघालेल्यांच्या पुढील फेऱ्यांचें भाडें संस्थेच्या धर्मादाय निधींतून द्यावें. एकटीनें जाण्यांत जी लाज वाटते ती दहाजणींत वाटत नाहीं. हा विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढें घेण्याची लेखी सूचना मीं चिटणिसांकडे दिली आहे. तींत भाड्याचा आंकडा मोकळा ठेविला आहे. कोणत्या गांवाहून किती पडेल तें त्या त्या गांवच्या सभासदांनीं सभेपूर्वी कळवावें.