साबण बिघडला? आधी तेलाचं वजन तपासा

घरच्या साबणावर पांढरी पूड दिसली की ‘कॉस्टिक जास्त झालं’ असं लगेच म्हटलं जातं. पूड फक्त पृष्ठभागावर असेल, तर तो बहुधा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार झालेला धुण्याचा सोडा असतो. पुसला की निघतो. खरा दोष बहुतेकदा तेलाच्या अदलाबदलीत असतो. 100 ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे 18 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला जेमतेम साडेतेरा. खोबरेलच्या कृतीत नुसतं शेंगदाणा तेल घातलं, तर उरलेलं कॉस्टिक त्वचा जाळेल. उलट केलं, तर वडी तेलकट, मऊ राहील.

‘महिनाभर सुकवला की सगळं ठीक होतं’ हे अर्धसत्य आहे. सुकण्यात मुख्यतः पाणी उडतं, वडी कडक होते; एवढं जास्तीचं कॉस्टिक त्यानं संपत नाही. लिंबाच्या रसाचा अंदाजपंचे उपायही नको, कारण आम्ल किती लागेल हे कॉस्टिक किती उरलंय यावर ठरतं. मोजमापं लिहिलेली असतील, तर हिशेबानं तेल वाढवून साबण पुन्हा शिजवता येतो. नसतील, तर तो अंगाला लावूच नका, अगदी मनापासून सांगतो. तुमचा साबण बिघडला असेल, तर तेलांची नावं आणि ग्रॅममधली वजनं लिहा, हिशेब करून बघू.