डोक्यावरचा पत्रा उतरवताना

कवेलूचे घर पाहायचे असेल तर आता आदिलाबाद शहरात फिरून फारसा उपयोग नाही. त्यासाठी उटनूर, इंद्रवेल्लीकडच्या गुड्यांतून हिंडावे लागते. आपल्या वाडवडिलांच्या घरांवर कवेलूच होते. पण दरवर्षी मृगाआधी ते फेरावे लागायचे आणि माकडांची एक टोळी येऊन गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! मग सिमेंटचा पत्रा आला. एकदा टाकला की तीस-चाळीस वर्षे बघायला नको, गंजत नाही, जळत नाही, खिशालाही परवडतो. मध्यमवर्गीयांनी मागच्या खोल्यांवर टाकला, शाळांनी वर्गांवर टाकला, जिनिंगवाल्यांनी गोदामांवर टाकला. ‘सिमेंटचा पत्रा’ हे नाव इतके रुळले, की त्यात सिमेंटशिवाय आणखी काय असते हे विचारावे असे कुणाला वाटलेच नाही.

त्यात असते अॅस्बेस्टॉस. हे एक तंतुमय खनिज आहे. पत्र्यात त्याचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. बाकी मुख्यतः सिमेंटच. घराला लोखंडी सळई जे काम करते, तेच काम पत्र्यात हे धागे करतात. धागे सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात तोवर ते सहसा कुणाच्या वाटेला जात नाहीत. पत्रा फुटला, कापला, घासला किंवा उन्हापावसाने त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला, की ते हवेत मोकळे होतात. केसाहून कितीतरी बारीक असल्याने ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर एकदा फुप्फुसात खोल गेले की शरीर त्यांना विरघळवू शकत नाही.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याने तिथे एक जुने घर घेतले, तेव्हा तळघरात नऊ इंची चौकोनी फरश्या निघाल्या. १९८० च्या आधीच्या तिकडच्या घरांत अशा व्हिनाइलच्या फरश्यांमध्ये आणि त्या चिकटवण्याच्या काळ्या डिंकातही अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याने नमुना प्रयोगशाळेत पाठवला. फरश्या शाबूत होत्या म्हणून त्या न उखडता त्यांच्यावर दुसरी फरशी बसवली. ‘मामा, इकडे सांगतात की चांगली असेल तर हातच लावू नका,’ असे तो फोनवर म्हणाला. आपल्याकडे पायाखाली शहाबादी नाहीतर तांदूरची फरशी, त्यामुळे जमिनीची काळजी नाही. आपले अॅस्बेस्टॉस डोक्यावर आहे.

शंभर वर्षांपूर्वीची नेली

या धोक्याची ओळख नवी नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी अॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केर्शॉ १९२४ साली वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांत हे तंतू सापडले आणि डॉ. कुक यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तरीही ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडावे लागले. त्यानंतर युरोपीय संघ २००५ मध्ये, खाणींचा देश म्हणून ओळखला जाणारा कॅनडा २०१८ मध्ये आणि अमेरिकेने उरलेल्या वापरावरही २०२४ मध्ये बंदी जाहीर केली.

इतका उशीर का झाला? कारण हा आजार सावकाश येतो. फुप्फुसे कडक होण्याचा अॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग, हे बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. विशीत पत्रे फोडणारा मजूर पन्नाशीत धापा टाकू लागला, तर त्याचे नाते त्या पत्र्याशी कोण जोडणार? परदेशात तर कामगारांचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांनाही हे आजार झाल्याची नोंद आहे.

भारतात अॅस्बेस्टॉसच्या खाणकामावर निर्बंध आले, पण परदेशातून खनिज आणून पत्रे बनवणे आजही कायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे ठेवावी आणि बाधित कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश दिले. २००६ साली ‘क्लेमन्सो’ नावाची फ्रान्सची जुनी युद्धनौका गुजरातेत अलंगला तोडायला निघाली होती. तिच्यातल्या अॅस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला, की फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ती अर्ध्या वाटेवरून परत बोलावली. ते योग्यच झाले. पण कारखान्यातल्या कामगाराची नोंद आहे, जहाजाची बातमी होते. तुमच्या-आमच्या घरावरचा पत्रा उतरवणाऱ्या मजुराची मात्र कुठेच नोंद नाही.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या मागच्या दोन खोल्यांवर वडिलांनी टाकलेले सोळा पत्रे होते. माकडांनी चार फोडले, बाकीच्यांवर शेवाळ चढून खालच्या बाजूने पांढरी भुकटी गळू लागली. आईचे अंथरूण नेमके तिथेच. पत्रे उतरवायचे ठरले. मुकादम आला, वर पाहिले आणि म्हणाला, ‘सर, चार माणसं लावतो, हातोड्यानं फोडून खाली पाडतो. दुपारपर्यंत मोकळं.’ आपल्याकडे सर्रास असेच होते. खाली स्वयंपाक चालू असतो, लेकरे खेळत असतात आणि वरून तुकडे पडतात. मी त्याला सांगितले, दुपारऐवजी दोन दिवस लागू दे, मजुरी दोन दिवसांची घे, पण एकही पत्रा फुटता कामा नये.

पहिला प्रश्न आईचा. ‘चाळीस वर्षं याच पत्र्याखाली झोपले, काही झालं नाही. आता मला घराबाहेर काढतोस?’ मी म्हटले, ‘पत्रा धड असता तर मीही हलवलं नसतं, आई. पण आता तो खाली उतरणार, तेव्हा तू इथं नको.’ शेवटी ती तीन दिवस किनवटला मावशीकडे गेली. घरात माणसे असताना हे काम करायचेच नाही, हा पहिला नियम. सगळे घर सोडणे शक्य नसेल तर निदान ती बाजू पूर्ण रिकामी करावी आणि लेकरे, म्हातारी माणसे हलवावीत.

मग आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो.

खोल्यांतली भांडी, गाद्या, धान्याच्या कोठ्या बाहेर काढल्या. आतल्या घरात उघडणाऱ्या दाराला जाड प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. पंखे, कूलर बंद. खाली जमिनीवरही प्लॅस्टिक अंथरले. वारा नसलेली सकाळ निवडली.

पत्रे आधी भिजवले. ओला धागा उडत नाही, सगळी युक्ती एवढीच. यासाठी कापसावर फवारायचा पाठीवरचा पंप उत्तम. मात्र तो नवा घ्यावा, जुन्यात कीटकनाशकाचा अंश असतो. पाण्यात थोडी धुण्याची पावडर टाकली की पाणी नीट मुरते. जोरदार फवारा मारायचा नाही, त्याने उलट भुकटी सुटते. शेवाळही खरवडायचे नाही.

पत्र्यावर कुणालाही उभे राहू दिले नाही. जुना पत्रा भार सोसत नाही आणि कर्करोगाला तीस वर्षे लागतात, वरून पडायला एक क्षण पुरतो. शिड्या आणि बल्ल्यांवर आडव्या फळ्या टाकून माणसे काम करत होती. हुक गंजलेले होते. ते भिजवून पान्याने सोडवले, जे सुटेनात ते हुकच कापले, पत्रा नाही. दहा फुटी पत्रा चाळीसेक किलोचा भरतो. दोघांनी वरून सोडायचा, दोघांनी खाली झेलायचा. फेकायचा नाही, ओढायचा नाही.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. करोनाच्या काळात एन-९५ मास्क सगळ्यांना माहीत झाला. तो रुमालापेक्षा बरा, पण या कामासाठी परदेशी नियम त्याहून वरच्या दर्जाचा, एफएफपी-३ किंवा पी-१०० गाळणीचा मास्क सांगतात. मी हैदराबादहून तसे सहा मागवले. दाढीवर मास्क नीट बसत नाही, म्हणून दोघांनी आनंदाने दाढी केली!

शेवटी सफाई. इथे झाडू वर्ज्य. कोरडा झाडू मारला की बसलेले धागे पुन्हा हवेत जातात आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही त्यांना मागून बाहेर सोडतो. ओल्या फडक्यांनी सगळे पुसून ती फडकी तुकड्यांबरोबर दुहेरी पिशवीत बांधली. मजुरांना कामासाठी जुने कपडे दिले होते, तेही त्याच पिशवीत गेले. अंघोळ करूनच माणसे घरी गेली.

जुना पत्रा कुणाचा?

जुने पत्रे मजुराचे, हा आपल्याकडचा अलिखित रिवाज. मुकादमाने बारा धड पत्रे बाजूला काढून ठेवायला सांगितले होते. त्याला बकऱ्यांचा गोठा करायचा होता. मी नाही म्हटले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ‘सर, तुमच्या कामाचे नाहीत, मग आम्हाला का नाही?’ प्रश्न रास्त होता. माझ्या आईच्या डोक्यावरून जे उतरवले ते त्याच्या लेकरांच्या डोक्यावर चढवायचे, तर मग एवढा खटाटोप कशासाठी? गोठ्यासाठी टिनाच्या पत्र्यांचे पैसे मी दिले. पगारी माणसाला ते जमले. हातावर पोट असणाऱ्याच्या घरावरचा पत्रा फुटला, तर त्याने काय करावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते सरकारनेच द्यायला हवे.

उतरवलेले पत्रे जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, ‘अॅस्बेस्टॉस, फोडू नये’ असे मराठी व तेलुगूत लिहून आवारात सावलीला ठेवले आहेत. त्यांचे काय करायचे हे विचारायला एका कार्यालयात गेलो, तर उत्तर मिळाले, ‘गावाबाहेर खड्ड्यात टाका, सर.’ हैदराबादजवळ दुंडिगलला घातक कचऱ्याच्या शास्त्रोक्त विल्हेवाटीचे केंद्र आहे. पण एका घराचे सोळा पत्रे तीनशे किलोमीटर नेणार कोण? वादळानंतर तर गावेच्या गावे पत्रे फुटतात. मंडलनिहाय एक दिवस ठरवून ते गोळा केले आणि एका गाडीने पाठवले, तर खर्च विभागला जाईल. आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागावी अशी ही साधी मागणी आहे. तोवर हे तुकडे कुटून जोत्यात भरू नयेत, रस्त्याच्या खड्ड्यात टाकू नयेत, पेटवू तर मुळीच नयेत. तापलेला पत्रा फटाक्यासारखा उडतो.

वाचकहो, हे वाचून घाबरून जाऊन कुणी लगेच शिडी लावू नये. तुमचा पत्रा धड असेल, भुकटी गळत नसेल, तर तो राहू द्या. त्याला भोके पाडू नका, कूलरच्या पाइपासाठी ग्राइंडरने कापू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. पत्र्यात अॅस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून जुना पत्रा आहे असेच धरून चाला. आणि उतरवायची वेळ आलीच, तर हातोडा घेऊन आलेल्या माणसाला आधी पाण्याचा पंप आणि मास्क द्या. तो तुमच्या घरी एक दिवस येतो. असली कामे मात्र त्याला जन्मभर करायची असतात.