बेघर होण्याची तारीख

हक्काचं छप्पर : भाग ६

मागच्या भागात आपण कामासाठी शहरात येणाऱ्या तरुणांच्या निवाऱ्याविषयी बोललो. त्यांचं घर गावाकडे असतं, अडलं-नडलं तर परतता येतं. या आठवड्यात अशा तरुणांविषयी, ज्यांना परतायला जागाच नाही. बालगृहात वाढलेली आणि वयाची अठरा वर्षं पूर्ण होताच तिथून बाहेर पडणारी ही मुलं-मुली. संस्थांमध्ये त्यांना ‘अठरा प्लस’ म्हणतात.

माणसावर बेघर होण्याची वेळ बहुधा अचानक येते. काम सुटतं, घरात भांडण विकोपाला जातं, पुरात भिंत कोसळते. या मुलांचं तसं नाही. मूल बालगृहात दाखल होतं त्याच दिवशी त्याची जन्मतारीख कागदावर चढते, आणि त्याला तिथून कधी निघावं लागणार हेही तेव्हाच कळतं. इतकी वर्षं आधी माहीत असलेलं संकट टाळता आलं नाही, तर त्याचं खापर नशिबावर फोडता येत नाही. ते टाळायचं असेल तर दोन गोष्टी लागतात: मुलाचं शिक्षण मध्येच तुटता कामा नये, आणि त्याच वाटेने आधी गेलेली एखादी ताई किंवा दादा त्याच्यासोबत हवा.

कायद्यात काय आहे

बाल न्याय अधिनियम २०१५ मधलं ४६ वं कलम संस्थेतून बाहेर पडणाऱ्या या तरुणांच्या आर्थिक मदतीविषयी आहे. या व्यवस्थेला आपल्याकडे ‘अनुरक्षण’ म्हणतात. २०१६ च्या आदर्श नियमांत ती तपशिलाने मांडली आहे. सहा ते आठ तरुणांनी मिळून राहायची तात्पुरती घरं, शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, समुपदेशक, स्वतःच्या व्यवसायासाठी कर्ज, हे सगळं त्यात आहे. मदत वयाच्या २१ पर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत अनुरक्षण गृहंही आहेत.

म्हणजे कागदावर बरंच काही आहे. प्रत्यक्षात मात्र कायद्याने ही मदत बंधनकारक केलेली नाही. त्यासाठी प्रस्ताव लागतो, आदेश लागतो आणि पाठपुरावा करणारा माणूस लागतो. अनुरक्षण गृहं मोजक्या शहरांत आहेत. पुण्यात कॉट बेसिसवरची जागा आणि दोन वेळची मेस धरली, तर चार हजारांत महिना निघत नाही. बाहेर पडल्यानंतरच्या आयुष्याची योजना दोन महिने आधी बालकल्याण समितीसमोर ठेवावी, असा नियम आहे. दहा-बारा वर्षं संस्थेत काढलेल्या मुलासाठी दोन महिने फार थोडे आहेत. ही आखणी नववीतच सुरू व्हायला हवी.

सगळ्यांत कठीण प्रश्न दिव्यांग मुलांचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे बेवारस दिव्यांग मुलांना लेकरांसारखं वाढवणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं विचारत आले आहेत की, अठरा पूर्ण झाल्यावर या मुलांनी जायचं कुठे? त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पण अशा मुलांना आयुष्यभर संस्थेतच राहू देणारा कायदा करा, ही त्यांची मागणी त्या सन्मानापेक्षाही मोलाची आहे.

वाढदिवस ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत

शिक्षण मध्येच कसं तुटतं ते पाहू. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. ज्याचा वाढदिवस ऑक्टोबरात येतो, त्याला अभ्यासाच्या ऐन भरात राहायची जागा शोधावी लागते. ज्याला परीक्षेनंतर वाढदिवसापर्यंतचे काही महिने मिळतात, त्याचाही पुढचा प्रवेश, वसतिगृह, शुल्क यांची जुळवाजुळव व्हायच्या आत आधार सुटतो. अशा वेळी हॉटेलात किंवा गोदामात ‘राहून-खाऊन’ काम मिळालं की मुलगा ते धरतो. त्या क्षणी डोक्यावर छप्पर येतं खरं, पण काम सुटलं की छप्परही सुटतं.

त्यात आणखी एक क्रूर गोष्ट आहे. जी मुलं लहानपणी सापडलेली असतात आणि ज्यांच्याकडे कसलाच दाखला नसतो, त्यांचं वय समिती पुराव्यांवरून किंवा वैद्यकीय तपासणीवरून ठरवते. ते वय मग कायद्याने खरं धरलं जातं. म्हणजे अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर कुणाचं तरी छप्पर जातं.

शिक्षण टिकलं तर काय होतं, त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे राज्यसेवेच्या परीक्षेला बसल्या, तेव्हा जात आणि उत्पन्न सिद्ध करणारे दाखले अनाथ मुलाने आणायचे कुठून, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. तो त्यांनी थेट सरकारदरबारी नेला. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. ज्याने वर्ग सोडला नाही, त्यालाच या आरक्षणाचा उपयोग. म्हणून बारावी, आयटीआय किंवा पदवीचं चालू वर्ष पूर्ण होईपर्यंत कुणालाही संस्थेतून हलवू नये, एवढा एक नियम जरी काटेकोरपणे पाळला गेला, तरी पुष्कळ काही वाचेल.

शिक्षण म्हणजे केवळ पाठ्यपुस्तकंही नव्हेत. संस्थेत घंटा झाली की जेवण मिळतं, कपडे मिळतात, आजारी पडलं तर कुणीतरी दवाखान्यात नेतं. बाजारातून आठवड्याचा भाजीपाला आणणं, एका माणसापुरता भात लावणं, बँकेत खातं चालवणं, भाडेकरार वाचून सही करणं, हे बहुतेकांच्या वाट्याला आलेलंच नसतं. उदयन केअर या संस्थेने अनुरक्षणाची आठ अंगं मांडली आहेत. निवारा त्यांतलं एकच आहे. बाकीच्यांत स्वतंत्र जगण्याची कौशल्यं, माणसांशी नातं, शरीराचं आणि मनाचं आरोग्य, उत्पन्न, शिक्षण आणि ओळखीचे कागद येतात. यांतलं एखादं अंग ढिलं पडलं, तरी निवाराही फार काळ टिकत नाही.

ताई-दादांची सोबत

आता दुसरी गोष्ट. खोली पाहायला गेल्यावर घरमालक पहिला प्रश्न विचारतो : मूळ गाव कुठलं? मग वडील काय करतात? प्रवेशअर्जात पालकांची सही, कंपनीच्या कागदावर तातडीच्या संपर्काचा नंबर. दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं, मेस बंद होते, सगळे गावी जातात. या प्रसंगांची उत्तरं अधीक्षकांकडे किंवा पुस्तकात सापडत नाहीत. ज्याने हे सोसलं आहे, तोच सांगू शकतो. खोटं न बोलता आणि मान खाली न घालता घरमालकाशी कसं बोलायचं, डिपॉझिटसाठी पहिल्या पगारापासून किती बाजूला टाकायचं, कुठली मेस दिवाळीतही चालू असते, ताप आला तर रात्री कुणाला फोन करायचा, हे दादाने सांगितलेलं पटतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तो स्वतः उभा आहे हे समोर दिसतं.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. सिंधुताई सपकाळ यांच्या संस्थांत मूल अठराचं झालं म्हणून परकं झालं नाही. माईंनी वाढवलेली मोठी मुलंच पुढे धाकट्यांचं पाहू लागली. कुटुंबात थोरल्याने धाकट्याला हात द्यावा तसंच हे.

मात्र ही सोबत आपोआप उभी राहत नाही, ती बांधावी लागते. बाहेर पडलेल्या तरुणांची त्यांच्या संमतीने ठेवलेली यादी, वर्षातून किमान एक मेळावा, मुलगा बाहेर पडण्याच्या सहा महिने आधी त्याची बावीस-पंचवीस वर्षांच्या एखाद्या दादाशी गाठ, आणि त्या दादाला प्रवासाचा व फोनचा खर्च, एवढं तरी हवंच. शिवाय मागे एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ता हवा. व्यसन, अत्याचार, जीव देण्याचे विचार असले प्रश्न बावीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. सोबत्यांचा आधार सरकारी जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. ती जबाबदारी मुलापर्यंत पोचवायचं काम मात्र तो उत्तम करतो.

आधीच ओळखता येतं

बेघर झाल्यावर धावण्यापेक्षा आधी ओळखणं शक्य आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहराने दाखवलं. तिथे शाळांमध्ये सर्वच विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेऊन घर सुटण्याच्या बेतात असलेली मुलं हेरली गेली आणि शाळा, कुटुंब व कार्यकर्ते यांनी मिळून त्यांना आधार दिला. काही वर्षांतच किशोरवयीन मुलांचं बेघर होणं ४० टक्क्यांनी आणि शाळा अर्धवट सोडणं २० टक्क्यांनी घटलं. कॅनडात २०१६ साली बेघर तरुणांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या ५७.८ टक्के तरुणांचा कधी ना कधी बालसंरक्षण यंत्रणेशी संबंध आला होता असं दिसलं. इंग्लंडमध्ये संस्थेतून वा प्रतिपालक कुटुंबातून बाहेर पडलेल्यांना वयाच्या २५ पर्यंत वैयक्तिक सल्लागार मिळतो.

जिलाँगला मुलं शोधावी लागली. आपल्याला शोधायचीही गरज नाही, कारण ही मुलं आपल्याच बालगृहांच्या नोंदवह्यांत आहेत. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आहेत. येत्या तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यातली कोणती मुलं अठरा पूर्ण करणार, याची यादी एका दुपारी तयार होऊ शकते. तिच्यात प्रत्येक नावासमोर इयत्ता, आधार कार्ड, बँक खातं, अनाथ प्रमाणपत्र आणि सोबतीच्या ताई-दादाचं नाव लिहिलं, की कुणाचं काय राहिलं आहे ते लगेच कळेल.

वाचकांनाही यात करण्यासारखं आहे. तुमची खोली भाड्याने द्यायची असेल, तर अशा एखाद्या तरुणाला डिपॉझिट हप्त्याने भरू द्या. तुम्ही वसतिगृहाचे रेक्टर असाल, तर दिवाळीत एक खोली उघडी ठेवा. प्राध्यापक असाल, तर पालकांची सही मागण्याआधी परिस्थिती विचारा. आणि तुमच्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जाऊन एवढंच विचारा की, यंदा इथून किती मुलं बाहेर पडणार आहेत आणि त्यांच्या राहण्याची काय सोय केली आहे? हा प्रश्न बाहेरून कुणी विचारतच नाही, म्हणून त्याचं उत्तर तयार नसतं. तो विचारायला सुरुवात करा.

(पुढच्या आठवड्यात : घरातून निघून रेल्वे स्थानकावर उतरणारी मुलं)