वस्तऱ्याचा गंज आणि मलमलीचा पिंजरा

बर दुबईत राहणाऱ्या एका वाचकाने फोटो पाठवलाय. आजोबांचा वस्तरा, पात्यावर तांबूस ठिपके. साताऱ्याच्या घरी ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून होता तेव्हा धड होता, इथं कपाटात ठेवला आणि पाहता पाहता गंजला, असं त्यांचं म्हणणं. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवला तर चालेल का, हा प्रश्न.

रात्रभर तर मुळीच नको. आम्लाला गंज आणि पोलाद यांतला फरक कळत नाही. ते आधी गंज खातं, मग खालच्या लोखंडावर येतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सोडत बसतं. वस्तऱ्याचं पोलाद जास्त कार्बनचं, कडक पाणी दिलेलं. असं पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळही होऊ शकतं. धारेची टोकाची जाडी एका मायक्रॉनच्याही आत असते, तेव्हा रात्रभरात तिथं काय उरेल याचा विचार करा. आधी आणि नंतरचे चकाचक व्हिडिओ दाखवणारे हे सांगत नाहीत. चकाकी ही धार नव्हे.

पण सातारा सोडून दुबईतच गंज का? साताऱ्यातही पाऊस काही कमी नाही. फरक मिठाचा आहे. बर दुबई खाडीच्या काठावर, पलीकडे समुद्र, आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीत सबखांचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खारवट सपाट जमिनींचा वाटा. घरात एसी चालू असतो, आर्द्रता पन्नास टक्क्यांवर असते, आपल्याला हवा कोरडी वाटते. समुद्राच्या मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र ती कोरडी वाटत नाही. त्याला तेहतीस टक्क्यांवरच पाणी सुटतं. साधं मीठ पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत दम धरतं. पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते याच मॅग्नेशियमच्या भेसळीपायी. म्हणजे पात्यावर बसलेला खारट कण एसीच्या खोलीतही ओलाच राहतो. त्यातून जुलैत सगळं कुटुंब भारतात, एसी बंद, घर बंद! आखाताच्या किनाऱ्यावरची हवा उन्हाळ्यात कशी असते याचा एकच दाखला देतो: २००३च्या जुलैत सौदीतल्या धाहरानला दवबिंदू ३५ अंशांवर गेला होता. त्या हवेत पस्तीसपेक्षा थंड असलेली कुठलीही वस्तू आपोआप भिजते.

या ओल्या कणाखाली काय चालतं ते केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एकच थेंब. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन पोचतो, मध्यभागी पोचत नाही. लोखंड विरघळतं ते मध्यभागी. जिथं ऑक्सिजन कमी, तिथंच झीज जास्त! इव्हान्सनी थेंबात रंग बदलणारी द्रव्यं घातली, तर कड गुलाबी झाली आणि मध्य निळा. आपल्याला दिसणारा गंज या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात साचतो, म्हणून तांबूस ठिपका पुसला की खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा निघतो. त्या खड्ड्यात क्लोराइड दडून बसतं, आणि घासून लख्ख केलेलं पातं आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा तांबूस होतं.

गंजाच्या गोष्टीत मान मिळतो तो शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांना. १९१३मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी मिश्रधातू शोधताना त्यांनी बारा-तेरा टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद ओतलं. मान रास्त आहे. पण माझा जीव गंजाचाच अभ्यास करणाऱ्या डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांच्यावर. साध्या खोलीत त्यांनी लोखंडाचे तुकडे टांगले, काही उघडे आणि काही मलमलीच्या एकपदरी पिंजऱ्यात. उघडे गंजले. पिंजऱ्यातले महिनोन् महिने जवळपास स्वच्छ राहिले. मलमलीतून हवा जाते, ओलावा जातो, अडते ती फक्त धूळ. एवढ्या स्वस्तात एवढा मोठा निष्कर्ष काढणारे प्रयोग विज्ञानात फार नाहीत, आणि तरी शाळेच्या पुस्तकात खिळा आणि परीक्षानळीच्या पुढं आपण जात नाही.

आता कामाचं. आधी पात्याकडे नाही, मुठीकडे बघा. जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असत, हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची नक्कल केलेल्या. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फीतही याच नायट्रेटची. म्हातारपणी ते कुजतं, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. वस्तरा मिटून ठेवला की पातं नेमकं त्या दोन पट्ट्यांच्या मधे! मूठ तडकलेली, चिकट किंवा धुरकट झाली असेल आणि गंज मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावरच जास्त असेल, तर खाडीला दोष देऊ नका. मूठ बदला, आणि तोवर ती आगीपासून लांब ठेवा. ती भडकन पेटते.

मूठ ठीक असेल तर पात्यावर शिवणमशीनचं तेल सोडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. खोबरेल नको, ते खवटतं आणि खवट तेल आम्लधर्मी. बर दुबईतल्याच मीना बाजारच्या शिंप्यांकडे मशीनचं तेलही मिळेल आणि मलमलीचा तुकडाही. मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून, पातं सपाट टेबलावर टेकवून, पाठीकडून धारेकडे हलक्या हातानं न्या. उलट नेलात तर धार कागदात रुतेल. तांबूस जाऊ द्या, पण खालचा काळा थर राहिला तर त्याच्या मागं लागू नका, तो बहुतेक मॅग्नेटाइट असतो आणि तो खालच्या पोलादाला काही करत नाही. ग्राइंडर किंवा पॉलिशिंगचं यंत्र तर लावूच नका. पातं दोनशे अंशांच्या आसपास तापलं की त्याचं पाणी उतरायला लागतं.

शेवटी खड्ड्यांतलं मीठ. कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये चिमूटभर खायचा सोडा घालून धुवा, पाणी दोन-तीनदा बदला, लगेच पुसून हेअर ड्रायरनं सुकवा, तेलाचा पातळ हात फिरवा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. मलमलीत गुंडाळा.

दाढी होईल का, हे वाचकाने विचारलेलं नाही, पण विचारतीलच. पात्याच्या अंगावरचे खड्डे चालतात. धारेवरच खड्डा असेल तर तो जाईपर्यंत निसण्यावर पोलाद झिजवावं लागेल, आणि हे काम येणारा माणूस शोधावा लागेल. आता बहुतेक सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो, गिऱ्हाईक उठलं की ब्लेड टाकून देतात. आजोबांचा वस्तरा भारतात परत न्यायचा असेल तर मोठ्या बॅगेत घाला, केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत.