तुरीची जनुकं मोजून झाली, त्यांची कामं कोण लिहिणार?

चिखली तालुक्यातल्या उंद्रीच्या शिवारात खरिपात सोयाबीनच्या मधे तुरीचे तास असतात. सोयाबीन निघून जातं, तूर मागे उभी राहते आणि नेमकी फुलोऱ्यात, शेंगांत आली की मर लागते. परवापर्यंत हिरवं असलेलं झाड मान टाकतं. बुंधा उभा चिरून पाहा, आत काळपट तपकिरी रेघ दिसते. जमिनीतल्या बुरशीने पाणी वर चढवणाऱ्या नळ्याच बंद केलेल्या असतात. त्याच मातीतलं दुसऱ्या वाणाचं झाड मात्र ठणठणीत असू शकतं. हा फरक बऱ्याच अंशी जनुकांत असतो, आणि तुरीच्या जनुकांची यादी आपल्याकडे आहे.

२०११ साली तुरीचा जनुकसंच दोन गटांनी वाचला. एक होता इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेतल्या राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालचा आंतरराष्ट्रीय गट, दुसरा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतल्या नागेंद्र कुमार सिंह यांचा. दोघांनीही निवडला ‘आशा’ हा वाण, मर आणि वांझ या दोन्ही रोगांपुढे टिकणारा. इक्रिसॅटच्या गटाने ४८,६८० जनुकांचा अंदाज दिला. त्याआधी एका वर्षाने सोयाबीनचा संच आला होता, सुमारे ४६,००० जनुकांचा. मात्र ही यादी म्हणजे धंद्याचा रकाना कोरा असलेली मतदारयादी आहे. नावं आहेत, कोण काय करतो ते बहुतेकांपुढे लिहिलेलं नाही.

जिथे लिहिलं आहे, तिथेही ते बरंचसं उसनं आहे. संगणक तुरीच्या जनुकाची अक्षरं दुसऱ्या एखाद्या, काम माहीत असलेल्या जनुकाशी जुळवतो आणि तेच काम इथे उतरवतो. वनस्पतींत हे उसनं बहुतेकदा अरॅबिडॉप्सिसकडून येतं. हे मोहरीच्या कुळातलं एक चिमुकलं तण. त्याचा संच २००० साली वाचला गेला, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याच्यावर सर्वात जास्त काम केलं आहे.

आता सोयाबीनचं एक रोप मुळासकट उपटा. मुळांवरची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसतं. तिथे जिवाणू हवेतला नत्र पिकाला देत असतात. अरॅबिडॉप्सिसला अशा गाठी येतच नाहीत. मग गाठी घडवणाऱ्या जनुकांची माहिती तिथून कशी मिळणार? गाठीची सुरुवात करणारं ‘निन’ हे जनुक १९९९ साली सापडलं ते लोटस या डाळवर्गीय वनस्पतीत. अरॅबिडॉप्सिसमध्ये त्याचे भाऊबंद आहेत, पण त्यांचं काम जमिनीतल्या नायट्रेटची दखल घेण्याचं. म्हणजे नातं खरं, धंदा वेगळा. डोळे मिटून नक्कल केली तर चूक एका नोंदीतून दुसरीत, दुसरीतून दहावीत जाते. यावर उपाय म्हणून प्रत्येक नोंदीपुढे पुराव्याचा शिक्का असतो: प्रयोगाने सिद्ध, की संगणकाने ठरवलेलं. नोंद वाचणाऱ्याने आधी तो शिक्का पाहावा. बहुसंख्य नोंदी दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

सगळ्या सजीवांच्या जनुकांची कामं एका भाषेत लिहावीत म्हणून १९९८ साली माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या माहितीसंग्रहांनी मिळून ‘जीन ऑन्टॉलॉजी’ सुरू केली. पुढे त्यांनी १२ सजीव निवडले आणि ठरवून कामाला लागले. एकाच कुळातलं जनुक सगळ्या गटांनी एकाच वेळी हाती घ्यायचं, प्रत्येकाने आपल्या सजीवातले प्रयोग वाचून नोंद करायची, मग ती वंशवृक्षावर ताडून पाहायची. माणसं थोडी आणि जनुकं अफाट, त्यामुळे आधी कोणतं घ्यायचं हाच कळीचा प्रश्न होता. माणसाच्या आजारांशी जोडलेली जनुकं पुढे आली. अनेक सजीवांत टिकून राहिलेली, तरी कामाचा पत्ता नसलेली जनुकंही आली, आणि ही निवड मला सर्वात शहाणपणाची वाटते. पण त्या १२ सजीवांत वनस्पती एकच होती, तीच अरॅबिडॉप्सिस. पैसा मानवी आजारांकडून येत होता, यात नवल काही नाही. पण डाळीचं पीक त्या रांगेत नव्हतं.

म्हणून डाळींची रांग आपणच लावायला हवी. माझ्या मते पहिला मान मरीला आणि वांझ रोगाला प्रतिकार करणाऱ्या जनुकांचा, दुसरा शेंगा पोखरणाऱ्या अळीशी संबंधित जनुकांचा, कारण लागवडीतल्या तुरीत या अळीला खंबीर प्रतिकार जवळपास नाहीच. तो रानटी भाऊबंदांत शोधावा लागतो. गाठींची जनुकं तूर, हरभरा, सोयाबीन अशी तिन्ही पिकांत एकत्र घ्यावीत. सोयाबीनचा संच पूर्वी दुपटीने वाढला असल्याने तिथे तुरीच्या एका जनुकाच्या जागी अनेकदा दोन सापडतात, आणि दोघांनी काम वाटून घेतलं आहे का हे स्वतंत्रपणे तपासावं लागतं. या निवडीत प्रयोगशाळेबरोबर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या रोगशास्त्रज्ञांना आणि मर मोजणाऱ्या शेतकऱ्यांनाही जागा हवी.

असं काम देशात झालेलं आहे. २०१० मध्ये सीएसआयआर या संशोधन परिषदेने क्षयाच्या जिवाणूच्या सुमारे ४,००० जनुकांची कामं देशभरच्या विद्यार्थ्यांकडून नव्याने नोंदवून घेतली. ‘कनेक्ट टू डिकोड’ हे त्या उपक्रमाचं नाव, समीर ब्रह्मचारी तेव्हा महासंचालक. तिथे आधी काय हे स्पष्ट होतं: औषध जिथे मारा करू शकेल ती प्रथिनं शोधायची.

कृषीच्या विद्यार्थ्यांना आज परवानगीची वाट पाहायची गरज नाही. युनिप्रॉट या जागतिक प्रथिनसंग्रहात, ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक असलेल्या कोणालाही, आपण वाचलेला शोधनिबंध संबंधित प्रथिनाच्या पानाला जोडता येतो, त्याचं काम काय ते लिहिता येतं. क्रमांक फुकट मिळतो. तुरीपासून सुरुवात करा.