आवाज वाढवण्याआधी खरखर शोधा

गणपती जवळ आले की खांदेश्वरसारख्या वसाहतींत मुलं छोट्या सिंथेसायझरवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या कीबोर्डवर, गाणी बसवतात आणि घरीच रेकॉर्ड करतात. तक्रार ठरलेली असते : सूर बारीक येतो आणि मागे घूंघूं, खरखर ऐकू येते. मग हेडफोनचा आवाज वाढतो. इथे डॉक्टरचा संबंध येतो.

ईसीजी काढताना हीच अडचण येते. हृदयाचा विद्युत संदेश त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. घरातल्या २३० व्होल्टच्या, सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेची त्यात भेसळ झाली की रेघ जाड उमटते. तंत्रज्ञ तेव्हा रेघ मोठी करत नाहीत, कारण संदेशाबरोबर भेसळही वाढते. ते तारा नीट बसवतात, अर्थिंग तपासतात, चार्जर दूर ठेवतात.

कीबोर्डलाही हाच क्रम लावा.

आधी तो बॅटरीवर चालवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. घूंघूं थांबली, तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा आहे. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा. तरीही थांबली नाही, तर केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवता येतो.

मग कीबोर्डचा आवाज पाऊणपट ठेवा आणि रेकॉर्डिंगची पातळी जुळवा. सर्वांत मोठा सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान असावा. शून्याला टेकला की सूर फाटतो.

मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमध्ये रेकॉर्डिंगसाठी सहसा चार कड्यांची पिन लागते. तीन कड्यांची लावली, तर मोबाइल स्वतःच्या माइकने खोलीतला पंखाच रेकॉर्ड करत बसतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घूंघूं जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. उपकरणात वीज उतरली, तर ती तुमच्या शरीरातून जमिनीत जाईल.

आता कानांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावा. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८३ला २० तास, ८६ला १० तास. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा समोरच्याचं बोलणं दबल्यासारखं वाटत असेल, तर तो इशारा समजा. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. एका कानाला अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी जा.

रेकॉर्डिंग बिघडलं तर पुन्हा करता येतं. कानाचं तसं नाही.